फूटपाथवर आईचे बूट

"गाडी लॉक करण्याआधी मागच्या सीटवर एकदा बघत जा." केझिया जन्मली त्याच आठवड्यात लिडियानं मला फोनवर बजावलं होतं. "नुसतं बघेन म्हणू नकोस. आपली पर्सच मागे ठेवायची. म्हणजे झक मारत वळावं लागतं."

लिडिया माझी थोरली बहीण. इंग्लंडात लीड्सला नर्स आहे, त्यामुळे तिला केळ्याच्या सालीतसुद्धा मोडलेलं हाड दिसतं. मी हसून म्हटलं, "अगं, मी बाळाला विसरेन? रात्री तीन वेळा उठून तिचा श्वास चालू आहे का बघते मी." आणि खरंच, मी केझियाला कधीच विसरले नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावून घेतलं, पार्किंगमध्ये काचेची फटसुद्धा ठेवायची नाही हा नियम केला, हँडब्रेक दोनदा तपासू लागले. सगळी काळजी त्या नऊ महिन्यांच्या जिवाची. मागच्या सीटवर दुसरंही कुणी असू शकतं, हे डोक्यात आलंच नाही.

फेब्रुवारीत लिडियाला जुळं झालं आणि आमच्या घरात जत्रा सुरू झाली. जुळ्यांना आजीनं आपल्या हातांनी उचललंच पाहिजे, त्याशिवाय नावं पक्की होत नाहीत, असं आईचं म्हणणं. आई आमच्या बुंगोमा जिल्ह्याच्या पलीकडे कधी फारशी गेलेली नाही, विमान तिनं फक्त शेतातून मान वर करून पाहिलेलं. तिला एकटीला कसं पाठवायचं? म्हणून मी आणि केझिया तिच्यासोबत तीन आठवडे लीड्सला जाणार असं ठरलं. योगायोग असा, की माझ्या नवऱ्याला, खाएम्बाला, त्याच दिवशी संध्याकाळी कामासाठी शेजारच्या देशात, जुबाला, जायचं होतं. घरी कुणीच उरणार नाही. गाडी विमानतळाच्या लांब मुदतीच्या पार्किंगमध्ये ठेवायची, जो आधी परत येईल त्यानं ती घ्यायची. किती सोपं वाटलं होतं!

अडचण एकच, आणि ती नेहमीचीच. आम्हा बुकुसू जमातीच्या लोकांमध्ये सासू आणि जावई एकमेकांच्या नजरेला पडत नाहीत. हात मिळवायचा नाही, एका खोलीत बसायचं नाही, थेट बोलायचं तर नाहीच. खाएम्बा इंजिनिअर आहे, पूल बांधतो, पण माझी आई समोरून आली की हा सहा फुटी माणूस झाडाआड होतो. आणि आई? ती तर त्याच्या गाडीलासुद्धा मान देते. गेल्या नाताळात नाइलाजानं एकदाच तिला त्या गाडीतून न्यावं लागलं. तो पुढे, आरसा छताकडे वळवलेला, ती मागे, अंगावरचं कापड, लेसो, डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून. चढण्यापूर्वी तिनं चपला काढल्या. "जावयाचं घर ते," म्हणाली, "चाकं लावलेलं असलं म्हणून काय झालं?" त्या चपला पेट्रोल पंपावरच राहिल्या, आणि आई नाताळच्या प्रार्थनेला अनवाणी गेली.

म्हणून या खेपेला रोडा आत्यानं एक व्हॅनच भाड्यानं केली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, चर्चमधल्या बायकांची पुढारी, आवाज असा की माइक लाजावा. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की त्याला एकटं सोडत नाहीत. नैरोबीतल्या डोनहोमच्या आमच्या घरापासून आई व्हॅनमध्ये, बारा-पंधरा बायका, एक ढोल आणि उकडलेल्या मक्याच्या कणसांची टोपली. आम्ही तिघं पुढे आमच्या गाडीत. व्हॅनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून आईची एक पिशवी आमच्या मागच्या सीटवर टाकली होती. तिच्यात नाचणीचं पीठ आणि आईनं स्वतः विणलेला जांभळा स्वेटर.

"तिकडे बर्फ पडतो म्हणे," आई सकाळपासून सगळ्यांना सांगत होती. "पडू दे. स्वेटर आहे माझ्याकडे."

तिच्या पायांत नवे काळे बूट होते, लिडियानं पाठवलेले. आरशासमोर तिनं चेहरा पाहिला नाही, बूट पाहिले.

विमानतळाच्या फाटकाशी नेहमीप्रमाणे सगळ्यांना उतरवून तपासणी झाली, तिथे ढोल यंत्रातून जाईना म्हणून हशा पिकला, आणि पुन्हा चढून आम्ही टर्मिनलच्या दाराशी पोचलो. काय ती गर्दी! एका कुटुंबाचा हज, दुसऱ्याचं लग्न, फुटबॉलची कुठलीशी टीम, ट्रॉल्यांचा खडखडाट. शिट्टीवाली एक गार्ड बाई सगळ्यांना हाकलत होती.

"ए दादा! पांढरी गाडी! इथे संसार मांडलाय का? पुढे घ्या!"

"सामान तरी काढू द्या, ताई!" खाएम्बा डिकीतून बॅगा उपसत होता.

तेवढ्यात रोडा आत्यानं दोन्ही हात वर केले. "लेकरांनो, गोल करा! प्रार्थना!"

आम्ही गोल केला. केझिया माझ्या पाठीला बांधलेली. तिघींचे पासपोर्ट आणि आईची हातातली पर्स मीच माझ्या खांद्यावर अडकवून घेतली होती, न जाणो ती कुठे ठेवील. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्यानं वैमानिकापासून सुरुवात केली, मग उजवा पंख, डावा पंख, मग लंडनचा रस्ता, मग लीड्सचा पाळणा. मधे कुठेतरी शिट्टी वाजली, एक दार आपटलं, गाडी निघून गेली. मी एक डोळा किलकिला करून पासपोर्ट जागेवर आहेत ना ते पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"आमेन!" ढोल दणाणला, बायका नाचायला लागल्या, केझियानं पाठीवर पाय झाडले. माझ्याही अंगात वारं शिरलं होतं. इंग्लंड! बर्फ! जुळी!

"चला," मी म्हटलं. "आई कुठाय?"

"बाथरूमला गेली असेल," एक जण म्हणाली.

मला ते पटलं. आई घाबरली की बाथरूमला जाते. मी बॅगा मोजल्या, केझियाला पाणी पाजलं, आत्याला म्हटलं, जरा बघून या. आत्या एकटीच परत आली.

"मला वाटलं तुझ्याजवळ आहे."

"मला वाटलं तुमच्यात आहे."

"अगं, ती माझ्या शेजारी कुठे होती? मी तर डोळे मिटलेले!"

सगळ्यांचेच डोळे मिटलेले होते. आईचा फोन लावला. तो माझ्याच खांद्यावर वाजला, तिच्याच पर्समध्ये. मी फोन कानाला धरून उभी आणि फोन माझ्या काखेत वाजतोय. आत्या म्हणाली, "उचल ना!" कुणाला काय उचल सांगत होती देव जाणे.

मग धावपळ. एक जण बाथरूमकडे, दोघी चहाच्या टपरीकडे, दोघी हजच्या लोकांत. आमच्या विमानाची घोषणा सुरू झाली होती. काउंटर बंद झालं की संपलं, पुन्हा तिकीट काढायची ताकद ना माझ्यात ना लिडियात. इतक्यात पार्किंग ते टर्मिनल फेऱ्या मारणारी विमानतळाची व्हॅन थांबली आणि खाएम्बा घामाघूम उतरला, हातात किल्ली फिरवत, अगदी खुशीत.

"लावली एकदाची! अगं, काय ते पार्किंग आहे, अर्ध्या नैरोबीनं गाड्या सोडल्यात तिथे. काय झालं?"

"आई सापडत नाहीये."

त्यानं सवयीनं आधी जमिनीकडे पाहिलं. "मला काय विचारतेस? मी बघतो का त्यांच्याकडे?"

"अरे पण दिसली असेल की! लाल-पिवळा लेसो!"

"मी बघतच नाही म्हटलं ना! लाल दिसलं की मी मान फिरवतो."

तेव्हा ती शिट्टीवाली गार्ड ओरडली. "हे कुणाचं? कुणाचं आहे हे? बेवारस वस्तू उचलायला लावीन हं मी!"

मी वळून पाहिलं. फूटपाथच्या कडेला, जिथे आमची पांढरी गाडी उभी होती अगदी तिथेच, नवे काळे बूट ठेवलेले होते. जोडीनं, टाचेला टाच लावून. एखाद्याच्या दारात ठेवावेत तसे.

'जावयाचं घर ते.'

"खाएम्बा," मी म्हटलं. "आई गाडीत आहे."

"कुठल्या गाडीत?"

"आपल्या! स्वेटर आणायला चढली असणार. बूट काढून चढली. आणि तू..."

त्याच्या हातातली किल्ली फिरायची थांबली. भर दुपारचं ऊन होतं. सगळ्या काचा वरपर्यंत बंद, माझाच नियम. मागची दारं आतून उघडत नाहीत, तेही माझंच. तीन आठवडे तिकडे कुणी फिरकणार नाही. गाडी लावून हा खांबांमधून चालत गेला असेल, व्हॅनची वाट पाहत उभा राहिला असेल, मग दोन टर्मिनलं फिरून आला असेल. तेवढा वेळ आई आत.

"मागे बघितलंस का? लावताना, उतरताना, एकदा तरी?"

"सवयीनं आरसा वर केलेला होता गं..."

पार्किंगची व्हॅन निघून गेली होती. "आपली व्हॅन!" आत्या गरजली. "चढा सगळ्या! ढोल राहू दे! नाही, ढोल घ्या!" एकीला सामानाजवळ बसवलं, बूट मी छातीशी धरले आणि आम्ही निघालो. खाएम्बा ड्रायव्हरशेजारी. मागे बायका एकसुरात देवाला हाका मारत होत्या, मधेच ड्रायव्हरला. "दाब की रे! बैलगाडी आहे का?" फाटकाशी काठी वर जायला वेळ लागला तेव्हा आत्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "बाळा, आत एक आजी भाजली जातेय, ती काठी उचल!" काठी उचलली गेली.

आणि समोर ते मैदान. गाड्याच गाड्या. मी हबकले. पांढऱ्या टोयोटा, एकीसारखी दुसरी, धुळीनं माखलेल्या, काहींवर बोटानं 'मला धू' लिहिलेलं. सगळ्यांच्या टपांवरून ऊन थरथरत होतं.

"कुठे लावलीस?"

"पिवळ्या खांबाजवळ. शेजारी निळी पिकअप होती."

पिवळे खांब ओळीनं होते. निळी पिकअप एकही नव्हती, ती कुणीतरी घेऊन गेलेलं. खाएम्बा धावायला लागला, हात डोक्यावर, किल्लीचं बटण दाबत. इकडे दाबलं, काही नाही. तिकडे दाबलं, काही नाही. बायका ओळीओळींत पांगल्या, प्रत्येक पांढऱ्या काचेवर हात मारत, "आहेस का गं? आहेस का?" केझिया पाठीवर उसळत होती, तिला हा खेळ वाटत होता, खिदळत होती. मी तिच्या हसण्यावर रडत होते.

मग एक हॉर्न वाजला. दोन आखूड पीं-पीं, दिव्यांची उघडझाप. शेवटून दुसऱ्या ओळीत. आणि त्या गाडीच्या मागच्या काचेत, आतून पडद्यासारखा ताणलेला, लाल-पिवळा लेसो.

खाएम्बा सगळ्यांच्या पुढे होता. दोन उड्यांत दाराशी पोचला, हात कडीवर गेला, आणि थबकला.

"थांब!" आत्या लांबून ओरडली. "तू नको! सासू आहे ती तुझी! आम्ही येतो, आम्ही उघडतो!"

पण आम्ही लांब होतो. आत्याचे गुडघे तिला ठाऊक, माझ्या पाठीवर मूल. लेसो काचेवर हलत नव्हता. मी त्याला पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता, अगदी शाळेतल्या पोरासारखा, आणि मी पूर्ण जोर लावून ओरडले, "उघड!"

त्यानं डोळे घट्ट मिटले आणि दार उघडलं.

आतून काही आवाज आला नाही. मग आईचा, कोरडा, चिरका. "कोण?"

"मी," तो म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच. "मी... केझियाचा बाप."

लग्नाला पाच वर्षं झाली, त्या दोघांमध्ये बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. त्यानं हात पुढे केला, आंधळ्यासारखा, हवेत चाचपडत. आणि आईनं तो धरला. दोन्ही हातांनी धरला.

मी पोचले तेव्हा आई गाडीच्या सावलीत जमिनीवर बसली होती, घामानं निथळत, ओठ सुकलेले, मांडीवर ती पिशवी. एक बाई तिच्या डोक्यावर पाणी ओतत होती, दुसरी चर्चच्या पत्रकानं वारा घालत होती. खाएम्बा पाठ करून उभा, डोळे मिटूनच.

"हात धरला!" आत्या धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं! आता काय?"

"पाहिलं तर पाहिलं," आई म्हणाली. "पाणी डोक्यावर काय ओततेस, तोंडात ओत."

घटाघट पाणी पिऊन झाल्यावर तिला वाचा फुटली. स्वेटर घ्यायला ती चढली. पिशवी दोन सीटांच्या मधे पडलेली, ती ओढत असताना जावई गाडीकडे येताना दिसले. आता त्यांच्यासमोर उतरायचं कसं? म्हणून तिनं दार ओढून घेतलं आणि खाली वाकली. म्हटलं, ते गेले की उतरू. तर ते गेले नाहीत, गाडीच गेली.

"मग हाक नाही का मारायची? आई, अगं, एक हाक!"

"कुणाला? त्यांना?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच उन्हात भाजलेय. "मी खोकले. दोनदा. पण त्यांनी गाणं लावलं होतं."

"मग तो गेल्यावर पुढच्या सीटवरून जायचंस! पुढचं दार आतून उघडतं!"

"त्यांच्या सीटवर पाय देऊ? त्यापेक्षा भाजलेली बरी." आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "शेवटी शेवटी मी देणारच होते गं. एक पाय उचललाही होता. पण उठवेना."

मी तिच्या पायात बूट चढवले. नाड्यांना दोनदोन गाठी मारल्या.

"विमान!" कुणीतरी किंचाळलं.

खरंच, विमान! पण आई उठेना. "थांबा. हात धरला गेलाय. रिकाम्या हाती जाता येत नाही." आमच्यात हात मिळाला की काहीतरी द्यावं लागतं, ब्लँकेट, कोंबडी, काहीतरी उबेचं, तेव्हा कुठे तो आडपडदा रीतसर सुटतो. इथे पार्किंगमध्ये कोंबडी कुठून आणायची? आईनं पिशवीत हात घातला आणि जांभळा स्वेटर काढला.

"आई, तिकडे बर्फ आहे!"

"बर्फ काय करतो मला? मी भट्टीतून बाहेर आलेय." तिनं स्वेटर खाएम्बाच्या पाठीकडे धरला. "जावईबुवा, वळा आता. डोळे उघडा. मी काही म्हैस नाही भिण्यासारखी."

तो वळला. डोळे उघडले. आईकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले, मग त्यानं तिथल्या तिथे, त्या टळटळीत उन्हात, स्वेटर अंगात चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. बायकांनी अशी आरोळी ठोकली की दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. ढोल आणलेला बरा, असं आत्या म्हणाली.

विमान मिळालं. कसं ते विचारू नका. व्हॅन, शिट्टी, "अहो, त्या आजी सापडल्या का?" असं ओरडणारी तीच गार्ड, काउंटरवरची मुलगी मान हलवत, "शेवटच्या तुम्हीच," आणि विमानाच्या दारात आई पुन्हा बूट काढायला वाकलेली. हवाई सुंदरीनं तिला हसत हसत थांबवलं. आकाशात गेल्यावर तिनं खिडकीला नाक लावलं ते काढलंच नाही. मी मात्र सगळा वेळ तिच्या श्वासावर नजर ठेवून होते, केझियाच्या नाही, तिच्या.

आता लीड्सला आहोत. बाहेर खरंच बर्फ आहे. आईच्या अंगात लिडियाचा कोट, दोन्ही हातांत दोन जुळी, आणि नावं पक्की झाली. लिडियाला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पर्स मागे ठेवायला सांगितली होती ना?" मी म्हटलं, "हो." रोज संध्याकाळी खाएम्बा जुबाहून फोन करतो आणि आधी आईची चौकशी करतो. ती अजून लाजते, फोन केझियाच्या कानाला लावून बोलते, पण बोलते त्याच्याशीच. तिकडच्या त्या भयंकर उकाड्यात तो रोज स्वेटर घालून फोटो पाठवतो. आणि आमची गाडी तिकडे पिवळ्या खांबाशी उभी आहे, रिकामी. ती रिकामी आहे हे मी खाएम्बाला निघण्यापूर्वी तीनदा बघायला लावलं.

पण लीड्सच्या या खिडकीशी बसले की मला राहून राहून दुसरंच आठवतं. आई ओरडली नाही. बाळ रडतं, आणि आपण धावतो. जे रडत नाही, भिडेपोटी दोनदा खोकून गप्प बसतं, त्याचं काय? तुमच्याही घरात असं कुणी असेलच. मागच्या खोलीत, मागच्या सीटवर, 'ते कामात असतील, कशाला हाक मारा' म्हणून बसलेलं. हे वाचून झालं की लगेच उठा. त्यांच्याकडे जा, आणि ते बरे आहेत ना, एवढं बघून या.